यादीतला ग्रिग्ज

लॉनी ग्रिग्जने बावीस वर्षांच्या नोकरीत लष्कराचं एकही वाहन तपासणीचा कागद पुरा भरल्याशिवाय फाटकाबाहेर सोडलं नाही. टायरची हवा, ब्रेकचं तेल, जॅक, मागचा दिवा, प्रत्येक रकान्यात खूण हवी म्हणजे हवी. एकदा एका तरण्या लेफ्टनंटाने जास्तीच्या चाकाचा रकाना कोरा ठेवला, तर लॉनीने त्याला भर उन्हात अर्ध्या मैलावरून परत बोलावलं आणि दर वाक्याला ‘सर’ लावून अतिशय आदबीने त्याची अशी खरडपट्टी काढली, की तो वरिष्ठ असूनही पुढे सहा महिने लॉनी दिसला की वाट बदलायचा. फोर्ट सिल या तोफखान्याच्या तळावर, वाहन डेपोत, त्याला मागे ‘रकाना ग्रिग्ज’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

अशा माणसाने २०११ सालच्या एका शुक्रवारी, शाईची नव्हे तर संगणकावरची, एक चूक केली. ती त्याला कळायला अकरा वर्षं लागली.

त्या दिवशी फोर्टवरच्या शिक्षण कचेरीत सोळा सार्जंट बसले होते. लष्करात नोकरी केली की कॉलेजचे छत्तीस महिने मिळतात. फी सरकार भरतं, वर घरभाडं देतं. जीआय बिल म्हणतात त्याला, पण फोर्टला लागून असलेल्या लॉटन गावात कुणी ते नाव घेत नाही, नुसतं ‘महिने’ म्हणतात. ‘तुझे महिने किती उरले?’ हा प्रश्न इथे तब्येतीच्या चौकशीइतका साधा. हे महिने स्वतः वापरायचे नसतील तर बायकोमुलांना देता येतात, मात्र त्यासाठी आणखी चार वर्षं नोकरीची सही करावी लागते. लॉनीने सही केली. कचेरीतली बाई सगळ्यांना सांगत होती, “प्रत्येक नावापुढे निदान एक महिना टाका. पुढे कमीजास्त करता येतं, अगदी निवृत्तीनंतरसुद्धा. पण वर्दी उतरल्यावर शून्य असलेल्या नावाला काही म्हणजे काही देता येत नाही.” लॉनीला दोन मुली. थोरली कँडेस पंधरा वर्षांची, तिच्यापुढे त्याने छत्तीस लिहिले. धाकटी ऑब्री सातची, समोरचे दात पडलेली. तिच्यापुढे शून्य. पुढे बदलता येतं म्हणतायत ना! बाईच्या बोलण्यातलं मधलं वाक्य तेवढं त्याने घेतलं आणि बाकीची सोडून दिली.

कँडेसने एक वर्ष कॉलेज केलं, नऊ महिने वापरले आणि सोडून दिलं. लॉनीने तेव्हा घर डोक्यावर घेतलं. शेजारचं बिऱ्हाड खिडक्या लावून बसलं होतं, असं म्हणतात. कँडेस नदीपलीकडे टेक्सासात विचिटा फॉल्सला निघून गेली आणि कुत्र्यांचे केस कापायच्या दुकानात लागली. पुढे ते दुकानच तिने घेतलं. लॉनी त्याच वर्षी निवृत्त झाला आणि शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक झाला. थोरलीने वाया घालवलेल्या महिन्यांचं दुःख तो धाकटीकडे बघून गिळायचा. सत्तावीस उरलेत, ते ऑब्रीला पुरतील. तिला तो हे इतक्या वेळा सांगायचा, की शाळेतल्या बाईंनी ‘कॉलेजच्या पैशाचं काय?’ विचारलं तर ती पोर ‘डॅडीकडे आहेत’ एवढंच म्हणायची आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायची.

२०२२च्या मे महिन्यात ऑब्रीला गावातल्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिला कानांची तपासणी शिकायची होती. तोफांच्या गावात या धंद्याला मरण नाही, खुद्द लॉनीचा डावा कान कामातून गेलेला. महिने ऑब्रीच्या नावावर करायला म्हणून तो विद्यापीठातल्या सैनिकांच्या कचेरीत गेला, इस्त्रीचा शर्ट घालून.

तिथे मिसेस टिबेट्स बसतात. साठीच्या, बारीक, चष्मा साखळीला. नवरा तोफखान्यात होता. त्यांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला.

“सार्जंट, धाकटीच्या नावापुढे शून्य आहे.”

“हो. तेच बदलायला आलोय.”

“ते आता बदलता येत नाही.”

“बदलता येतं. मला सांगितलं होतं.”

“आकडा बदलता येतो. शून्याचं काही करता येत नाही. तुम्ही नोकरीत असतात तर पाच मिनिटांचं काम होतं.”

“मग परत भरती करा मला,” लॉनी म्हणाला.

“वय?”

“पन्नास.”

मिसेस टिबेट्सनी चष्मा पुन्हा लावला. या खुर्चीवर बसून त्यांनी अशी तोंडं पुष्कळ पाहिली होती. काही लोक आरडाओरडा करत, काही आमदाराचं नाव घेत. लॉनी काहीच करेना, ताठ बसून राहिला. ज्या चुकीसाठी त्याने आयुष्यभर दुसऱ्यांना फैलावर घेतलं, ती त्याचीच निघाली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? त्याला लाज वाटली. भीतीही वाटली, कारण घरात ऑब्रीने नव्या दप्तराला आपलं नाव शिवून ठेवलं होतं.

“थोरलीकडून परत मात्र घेता येतात,” मिसेस टिबेट्स म्हणाल्या. “तिचे सत्तावीस तुमच्याकडे येतील. ते तुम्ही स्वतः वापरू शकता.”

“मी वापरून काय करू?”

“कॉलेज करा.”

“बाई, थट्टा करायची ही वेळ नाही.”

“थट्टा नाही करत. तुमची फी सरकार परस्पर आमच्याकडे भरेल. आणि तुम्ही वर्गात बसाल त्या प्रत्येक महिन्याचं घरभाडं तुमच्या खात्यात येईल. स्वतःच्या घरात राहत असलात तरी. त्या पैशाचं तुम्ही काय करता, हे मला कोणी विचारत नाही.” त्यांनी समोर बोट दाखवलं. “मुलीच्या फीचे हप्ते पाडून मिळतात. तो कागद समोरच्या खिडकीत असतो.”

लॉनीने तिथेच, पावतीच्या पाठीवर, हिशोब केला. जेमतेम बसत होता. पेन्शन घरावरच्या कर्जात जायची, त्याचा आणि बायकोचा पगार जगण्यात. पण हे भाडं नवं होतं. ते आलं तर ऑब्रीची फी निघत होती, नाहीतर तिला कर्ज काढावं लागणार होतं. आणि ‘माझ्या घरात कुणी कर्ज काढून शिकणार नाही’ हे वाक्य लॉनीने चर्चच्या पायरीवर उभं राहून बऱ्याच जणांना ऐकवलं होतं.

बायकोला, योलांडाला, त्याने त्याच दुपारी सांगितलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते आणि कुठल्याही बातमीने तिचा हात थांबत नाही. बिस्किटांचं पीठ मळता मळता तिने सगळं ऐकलं.

“तेव्हा तुझा डावा कान त्या फोर्टवरच्या बाईकडे असेल,” ती म्हणाली. “सांग तसं पोरीला. कानामुळे झालं म्हण.”

“ऐकू आलं होतं मला.”

“मग खरं सांग.”

“खरं सांगितलं तर ती जाणारच नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी दुकानात गल्ल्यावर उभी राहील. तुला तुझी पोर माहीत नाही?”

“माहीत आहे,” योलांडा म्हणाली. “तुझ्यावर गेलीय.”

महिने परत घ्यायला कँडेसची परवानगी लागत नव्हती. एका अर्जावर काम होत होतं. तरी लॉनी गाडी काढून विचिटा फॉल्सला गेला. कँडेस एका भिजलेल्या कुत्र्याला टेबलावर धरून उभी होती. बापाला दारात पाहून ती म्हणाली, “कोण गेलं?”

“कोणी नाही गं. सहज आलो.”

पन्नास मैल, मध्ये नदी आणि पलीकडे दुसरं राज्य. सहज कुणी येत नाही तिकडे. लॉनीने आधी वाऱ्याचा विषय काढला, मग डिझेलच्या भावाचा, मग दुकानाच्या गळक्या नळाचा. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नसलेल्या माणसाने ते लपवायला घेतलं की फार वाईट दिसतं.

“डॅडी, हा कुत्रा ओला आहे आणि चावरा आहे. काय ते बोल.”

“तुझ्या नावावर ते सत्तावीस महिने पडलेत…”

“आले! आले का महिने! सात वर्षं दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना तू ते महिने काढतोस. आता दुकानात येऊन काढायला लागलास?”

“परत हवेत,” लॉनी म्हणाला. मग उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं, शून्यासकट.

कँडेस इतकी हसली की कुत्रा भुंकायला लागला. “रकाना ग्रिग्ज!” ती म्हणाली. “रकाना ग्रिग्जने!” मग हसणं थांबलं. तिने टॉवेल घेतला आणि कुत्र्याचे कान पुसू लागली. “घे परत. माझे नव्हतेच ते कधी. तुझे होते, माझ्या अंगावर टाकलेले. देताना विचारलं नव्हतंस मला काही. घेताना विचारायला इतक्या लांब आलास, हे मात्र बरं केलंस.”

“सव्वीसच घेतोय. एक तुझ्या नावावर ठेवतो.”

“एका महिन्यात काय शिकू मी? शिट्टी वाजवायला?”

“ते तू बघ. शून्य ठेवायचं नाही.”

“ऑब्रीला सांगितलंस?”

“सांगेन.”

“म्हणजे नाही,” कँडेस म्हणाली.

ऑगस्टात लॉनी कॉलेजला जाऊ लागला. गॅरेजात त्याने पहाटेची पाळी मागून घेतली. बसगाड्या शाळेला निघाल्या की हात धुऊन, शर्ट बदलून तो वर्गात. घरात त्याने असं जाहीर केलं होतं, की शिकायची इच्छा पहिल्यापासूनच होती, राहून गेलं होतं. ऑब्रीला हे पटलं नाही. ज्या माणसाने आजवर वर्तमानपत्रातलं हवामान सोडून काही वाचलं नाही, त्याला ती नेमकी कॉलेजला जाते त्याच वर्षी विद्येची भूक लागावी?

“तू माझ्यावर पाळत ठेवायला येतोयस,” ती म्हणाली.

“मला माझे विषय आहेत.”

“मग तिथे मला ओळख दाखवायची नाही.”

“बरं.”

लॉनीने हुकूम अक्षरशः पाळला. आवारात ऑब्री समोरून आली की तो झाडांकडे बघत जायचा. बापाचं असं झाडांकडे बघत जाणं इतकं ठळक दिसायचं की ऑब्रीच्या मैत्रिणींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तो काका कोण गं, तू आलीस की वर बघणारा?” डबा तो आपल्या ट्रकमध्ये बसून खायचा. वर्गात पंधरा मिनिटं आधी पोचायचा आणि पहिल्या बाकावर बसायचा, तेव्हा मागून येणारी पोरं त्यालाच मास्तर समजून गृहपाठ त्याच्यापुढे ठेवायची. दोनदा त्याने ते तपासूनही दिले. स्पेलिंग नव्हे, पानांचे क्रमांक.

विद्या मात्र जड गेली. इंग्रजीच्या निबंधात ‘आठवणीतला उन्हाळा’ या विषयावर त्याने तारीख, वेळ, ठिकाण, हजर माणसं आणि झालेलं नुकसान असा अर्धं पान अहवाल लिहून दिला. बाईंनी लाल शाईत लिहिलं, ‘तुम्हाला काय वाटलं?’ लॉनीने त्याखाली लिहिलं, ‘उकडलं.’ तिथे कसाबसा पास झाला. पण दगडांच्या विषयात, म्हणजे भूशास्त्रात, घसरला आणि डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं: सरासरी कमी आहे, पुढच्या सत्रात ती वर आली नाही, तर नाव काढून टाकण्यात येईल. नाव काढलं की भाडं बंद, आणि भाडं बंद म्हणजे ऑब्रीचे हप्ते बंद. पत्र त्याने ट्रकच्या खणात ठेवलं आणि जानेवारीत बीजगणिताच्या वर्गात जाऊन बसला.

बीजगणित शिकवायला सत्तावीस वर्षांचा एक सालस मास्तर होता. त्याचा जीव तुटायचा लॉनीसाठी. पण पालथ्या घड्यावर पाणी! इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगणाऱ्या माणसाला ‘क्ष म्हणजे कितीही असू शकतो’ हे काही केल्या पचेना. कितीही कसा असेल? कोणीतरी मोजलाच नाही, असं सांगा ना. मार्चअखेर मास्तरने त्याला बाजूला घेतलं. “मिस्टर ग्रिग्ज, या शुक्रवारपर्यंत विषय सोडता येतो. प्रगतिपुस्तकावर नापासचा शिक्का बसत नाही. सोडा तुम्ही. पुढच्या वर्षी घ्या.”

विषय सोडला तर तास कमी, तास कमी तर त्या दिवसापासून भाड्याला कात्री. “थँक यू, सर,” लॉनी म्हणाला. “सोडत नाही.”

आवारात काही लपत नाही. ऑब्रीने घरी येऊन त्याला धारेवर धरलं. “आमच्या वर्गातली पोरं सांगतात, डॅडी, तू फळ्यासमोर दहा मिनिटं नुसता उभा होतास. हातात खडू घेऊन! मास्तर सोड म्हणतोय, मी सोड म्हणतेय, कोण मारतंय तुला? नोकरी आहे, पेन्शन आहे. या वयात स्वतःचं हसं कशाला करून घेतोस? आणि माझंही?”

योलांडा भांडी विसळत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नको म्हणून.

“सुरू केलेलं सोडत नाही मी,” तो म्हणाला.

“कँडेसला हेच ऐकवून ऐकवून घालवलंस तू घरातून,” ऑब्री म्हणाली आणि खोलीत गेली. ते लॉनीला लागलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि कुणी आग्रहही केला नाही.

तीन आठवडे बापलेक कामापुरतंच बोलत होते. बीजगणिताची शेवटची परीक्षा मेच्या पहिल्या सोमवारी होती. पास व्हायला, म्हणजे पत्रातल्या अटीप्रमाणे पास व्हायला, सत्तर हवे होते. लॉनी एकसष्टावर अडकला होता. ट्रकमध्ये डबा खाता खाता तो उदाहरणं करायचा आणि उत्तर चुकलं की डब्याचं झाकण आपटायचा.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी सगळी संध्याकाळी टेबलाशी जेवायला बसली. योलांडाने पोर्क चॉप आणि तळलेली भेंडी केली होती, मक्याचा पाव होता. डोंगराकडून तोफांचा सराव चालू होता, कपाटातले ग्लास अधूनमधून किणकिणत होते. प्रार्थना झाली. लॉनीने भेंडीला हात घातला, तेवढ्यात ऑब्री म्हणाली, “मी आज मिसेस टिबेट्सकडे गेले होते.”

लॉनीचा हात तिथेच राहिला.

“माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या बापाच्या महिन्यांवर शिकते, तोफखान्यात आहे तो,” ऑब्री बोलत होती, अगदी सावकाश. “ती म्हणाली, पुढच्या सत्राच्या विषयांचा कागद दिलास का, आज शेवटचा दिवस. मी म्हटलं, आमच्याकडे ते डॅडी बघतो. ती म्हणाली, डॅडी बघून चालत नाही, दर सत्राला आपली स्वतःची सही लागते. मला वाटलं, माझं दोनदा राहिलंच की! मी पळत गेले. रांगेत उभी राहिले. मिसेस टिबेट्सना म्हटलं, माफ करा, मी ग्रिग्ज, मी एकदाही सही केलेली नाही. त्यांनी यादी बघितली. म्हणाल्या, तुझं नाव नाही माझ्याकडे. मी म्हटलं, असणारच, नीट बघा, ग्रिग्ज. तर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, बाळ, माझ्या यादीत ग्रिग्ज आहे. पण ती तू नाहीस. याहून जास्त मला सांगता येणार नाही, नियम आहे. घरी विचार.”

डोंगराकडे तोफ उडाली. ग्लास किणकिणले.

“मी विचारतेय,” ऑब्री म्हणाली.

लॉनीने काटा ताटाच्या कडेला ठेवला. लष्करात एखादी गोष्ट बिघडली की वरिष्ठापुढे उभं राहून ती कशी सांगायची, हे त्याने शेकडो पोरांना शिकवलं होतं. तो उभा मात्र राहिला नाही.

“तुझ्या नावावर महिने नाहीत,” तो म्हणाला. “कधीच नव्हते. चूक माझी. नोकरीत असताना तुझ्यापुढे शून्य लिहिलं, निवृत्त झाल्यावर ते बदलता येत नाही. गेल्या मेमध्ये कळलं. तेव्हापासून मी वापरतोय ते. वर्गात बसलं की मला घरभाडं मिळतं.”

“घरभाडं. आणि ते?”

“समोरच्या खिडकीत भरतो. तुझा हप्ता.”

ऑब्रीने आईकडे पाहिलं. आई मक्याच्या पावाचे तुकडे करत होती, कोणी मागितले नसताना.

“म्हणजे बीजगणित…”

“नापास झालो तर मला काढतील. मग भाडं नाही.”

“आणि मी तुला तिथे…” ऑब्रीने समोरचा ग्लास उगीच फिरवला. मग ती एकदम म्हणाली, “शून्य का? कँडेसला छत्तीस आणि मला शून्य. एक तरी का नाही?”

“अगं, तेव्हा त्याच्या डोक्यात इराकचं चाललं होतं,” योलांडा मध्ये पडली. “परत जायचं की काय म्हणून. माणसाचं चित्त—”

“नाही,” लॉनी म्हणाला. “तसलं काही नव्हतं. इराक नाही, कान नाही. बाई सांगत होती, एकेक महिना तरी टाका. पण बारा वाजत आले होते आणि शुक्रवारी मेसमध्ये तळलेला मासा असायचा, उशीर झाला की संपायचा. मला उठायचं होतं. मी थोरलीपुढे आकडा टाकला आणि उठलो.” पुढचं वाक्य त्याला जड गेलं, पण त्याने ते म्हटलं. “तुझा विचारच आला नाही गं मनात.”

ऑब्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. योलांडा उठू लागली, तशी लॉनीने तिला हाताने बसवलं. पोरीला जे करायचं ते करू दे. उठून जायचं तर जाऊ दे, कॉलेज सोडायचं तर तसं म्हणू दे. तिला अडवायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्याला कळत होतं.

“परीक्षा कधी?” ऑब्रीने विचारलं.

“सोमवारी. पुढच्या नव्हे, या.”

“किती पडतायत?”

“एकसष्ट.”

“हवेत किती?”

“सत्तर.”

ऑब्रीने ताट पुढे ढकललं. कोपराने वाट्या बाजूला सारल्या आणि टेबलावर दोघांपुरती जागा केली.

“वही आण,” ती म्हणाली.

“आधी खाऊन तरी घे. थंड होईल.”

“होऊ दे थंड,” ऑब्री म्हणाली. “तू वही आण.”